गच्चीवरचं जंगल

आमच्या घरमालकांनी मला खोली दाखवली ती भर दुपारी, हातात टॉर्च घेऊन. खिडक्या सताड उघड्या, ऊन थेट पलंगावर येऊन बसलेलं, आणि हे गृहस्थ माझ्या पावलांपुढं उजेडाचा गोल टाकत चाललेले. "या. सांभाळून. इथं पायरी आहे. ही मोरी. हा पंखा, दोनवर ठेवा, तीनवर ओरडतो. बसा." मी बसलो. त्यांनी टॉर्च विझवला आणि शांतपणे जिना उतरून गेले. माझं नाव विचारायचं राहूनच गेलं. पुढं कित्येक दिवस ते मला 'वरचे' म्हणायचे, आणि मी त्यांना गल्लीतल्या सगळ्यांसारखं 'मालक'.

तसे ते मालक फक्त त्या घराचे. पोटापाण्यासाठी ते शहरातल्या एका टॉकीजचे मॅनेजर होते. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणायचे, आम्ही राहायचो उस्मानपुऱ्यात, आणि मी नुकताच नोकरीला लागलेला, बिनलग्नाचा, कोणीही कुठंही जुंपावा असा माणूस होतो. मालकांनी जुंपलं ते जंगलात.

त्याचं असं होतं. मालक रोज दुपारी टॉकीजच्या अंधारात शिरायचे आणि शेवटचा खेळ सुटल्यावर बाहेर यायचे. उभा जन्म असा गेलेला. सूर्य मावळताना कसा दिसतो ते त्यांनी पडद्यावरच पाहिलेलं. त्यामुळं या माणसाला एकच वेड लागलं होतं: उघड्यावर, तंबूत, एक मुक्काम करायचा. कन्नडकडं घाटाच्या अलीकडं एक सरकारी वनउद्यान होतं. तिथं तलावाच्या काठी लोकांना तंबू लावायला मैदान राखून ठेवलेलं. परवानगीचा कागद काढायचा, आपला तंबू आपण न्यायचा, कचरा परत आणायचा, झाडांना हात लावायचा नाही. एवढी साधी गोष्ट. आपण काय केलं असतं? पिशवी उचलून गेलो असतो. मालकांनी तालमी सुरू केल्या.

तालीम गुरुवारी व्हायची. गुरुवारी जुना सिनेमा उतरतो, थेटरात चिटपाखरू नसतं, म्हणून दिवेलागणीनंतर मालक मोकळे. जागा, आमची गच्ची. तंबू शिवला होता चाचांनी. चाचा म्हणजे मालकांचे बालमित्र, लग्नाचे शामियाने भाड्यानं देण्याचा त्यांचा धंदा. कापड त्यांच्याकडचंच, त्यामुळं आमचा जंगलातला तंबू लाल-पिवळ्या पट्ट्यांचा होता आणि त्याला चहूबाजूंनी झालर होती. पहिल्या तालमीला चाचांनी लोखंडी खुंटे आणले तर मालकांनी ते गेटातूनच परत पाठवले. "स्लॅब फुटेल. पावसाळ्यात वरचे बुडतील." वरचे म्हणजे मी. मग एक दोरी पाण्याच्या टाकीला, एक अँटेनाच्या खांबाला, एक जिन्याच्या कठड्याला आणि एक पलीकडच्या नळाला बांधायची असं ठरलं, आणि तसंच चालत राहिलं.

मालक हातात टॉकीजची पितळी घंटा घेऊन मधोमध उभे राहायचे. पहिल्या घंटेला सगळ्यांनी पाणी भरायचं. दुसऱ्या घंटेला तंबू उभा. तिसऱ्या घंटेनंतर कोणी बोलायचं नाही, कारण जंगल सुरू झालं. मग मालक टॉर्च घेऊन एकेकाला त्याच्या सतरंजीवर नेऊन बसवायचे. पुढच्या सतरंज्यांना थर्ड म्हणायचे, मागच्यांना बाल्कनी. मी थर्डात. "माणसाला आधी त्याची जागा दाखवावी," मालक म्हणायचे. "जागा सापडली की माणूस कशालाही भीत नाही. अंधाराला नाही, सिनेमाला नाही, वाघाला नाही."

वाघ नव्हता, पण बिबट्या होता. म्हणजे चाचाच. तंबूतले लोक सावध आहेत की नाहीत हे बघायला चाचांनी टाकीमागून अचानक गुरगुरत यायचं असं मालकांनी ठरवलं होतं. एकदा चाचा आले, जरा जास्तच जिवंतपणे आले, आणि चुलीपाशी बसलेल्या काकूंनी हातातलं लाटणं नेम धरून हाणलं. काकू म्हणजे मालकांच्या पत्नी. त्यानंतर चाचांनी साफ नकार दिला.

"नक्को मालिक. मैं तेंदुआ नहीं बनता."

"अरे, मग तालीम कशी पूर्ण होणार?"

"भाभीजान का हाथ देखे क्या तुम? तेंदुआ बी मर जाता उसमें."

"व्हय, पुन्हा आले तर पुन्हा मारीन," काकू म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला लागल्या. या बाईंनी तोवर मालकांना एकदाही 'करू नका' म्हटलं नाही. फक्त प्रत्येक गोष्टीनंतर त्या 'लई झालं' म्हणायच्या, आणि मालक त्याला शाबासकी समजायचे.

मध्यंतर असायचंच. मध्यंतरात भजी. भज्यांच्या वासानं आजूबाजूच्या गच्च्यांवरची माणसं कठडे ओलांडून आमच्या जंगलात यायची. समोरच्या डॉक्टरीणबाई तर ठराविक सतरंजीच मागायच्या. तालमी अशा रंगल्या की गुरुवार चुकला तर लोक जाब विचारायचे. जंगल मात्र तिथंच राहिलं. कधी परवानगी मिळायची नाही, आणि मिळाली की त्याच शुक्रवारी लागलेला सिनेमा तुफान चालायचा. बाहेर हाऊसफुल्लचा बोर्ड लागला की टॉकीजचे शेठ पेढे वाटायचे आणि आमचे मालक सुतकात बसायचे. हातात पेढा धरून म्हणायचे, "गेलं हो जंगल."

मालकांचा एक नियम लोखंडासारखा होता. तालमीत जे होतं तेच जंगलात जाईल. एक वस्तू कमी नाही, एक वस्तू जास्त नाही. एकदा मी भाबडेपणानं म्हटलं, "मालक, एखादी कुऱ्हाड घेऊ का बरोबर?"

"तालमीत कुऱ्हाड होती का?"

"नाही."

"मग जंगलात कशी येईल? ऐनवेळी स्टेजवर नवा माणूस आणायचा नसतो, वरचे."

तंबूचं गाठोडं मालकांच्या माळ्यावर असायचं. त्यात काय होतं आणि काय नव्हतं हे आम्हाला इतकं पाठ होतं की कोणी कधी उघडून बघायच्या फंदात पडलं नाही.

आता मला शोभाकडं यायला हवं. शोभा म्हणजे मालकांची एकुलती एक लेक. शाळेत शिकवायची, बापाचे डोळे आणि आईचा नेम घेऊन आलेली. लग्नाचं वय झालेलं आणि स्थळं येत होती. येत होती आणि जात होती, कारण मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमाला मुलीचा बापही घरात असायचा. पहिल्या पाहुण्यांना मालकांनी भर दिवसा टॉर्च लावून खुर्चीखुर्चीवर बसवलं. नवरदेवाच्या आत्याला 'थर्डात' बसवल्याचा राग आला. दुसऱ्या मुलाला त्यांनी पगार विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही. एवढंच विचारलं, "तंबूत झोपलाय आणि बाहेर अस्वल आलं. काय कराल?" बिचारा खरं बोलला, "पळेन." मालक आत येऊन काकूंना म्हणाले, "हा मध्यंतरात उठून जाणारा मुलगा आहे." ते स्थळही गेलं. गल्लीत लोक हसायचे. शोभाही हसायची. पण दुसऱ्या खेपेला ती हसून झाल्यावर जिन्यात बराच वेळ एकटी बसलेली मी पाहिली होती.

तिसरं स्थळ जालन्याचं. हे स्थळ वेगळं होतं. मुलगा आणि शोभा शिक्षकांच्या एका शिबिरात भेटलेले, आणि मुलानंच आपल्या घरी सांगितलेलं की मला ही मुलगी बघायचीय. शोभा त्याच्याबद्दल काही बोलत नव्हती, ही खूण काकूंनी बरोबर ओळखली. अडचण एकच, मुलाची आई. बाई कडक. त्यांच्या कानावर आमच्या मालकांचे प्रयोग गेलेले. शिवाय त्यांनी बीडची एक मुलगी जवळजवळ पसंत करून ठेवलेली. "बघून घेऊ, मुलाचं समाधान," एवढ्याच बोलीवर त्या यायला तयार झाल्या. तेही त्या एका रविवारी. नंतर बीड.

काकूंनी मालकांना देवासमोर उभं केलं. "त्या दिवशी टॉर्च नाय. घंटा नाय. अस्वल नाय. तंबू हा शब्द तोंडातून निघाला तर बघा."

मालकांनी शपथ घेतली, आणि ती मनापासून घेतली. मग त्या आठवड्याच्या शुक्रवारी टॉकीजला लागलेला सिनेमा पडला. साधा पडला नाही, सपशेल आपटला. शनिवारी शेठनं रविवारचे सगळे खेळ रद्द केले आणि मालकांना सुट्टी दिली. त्याच दुपारी पोस्टमननं वनउद्यानाच्या परवानगीचा कागद टाकला. तारीख: रविवार.

मालक कागद घेऊन ओसरीवर बसले. काही बोलले नाहीत. शपथ घेतली होती ना! नुसते कागदाकडं बघत बसले, जेवले नाहीत. काकू स्वयंपाकघरात भांडी आपटत होत्या. "आयुष्यभरात एक रविवार मिळाला माणसाला," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "अन तो पण हाच."

शेवटी शोभा उठली. "त्यांना तिकडंच बोलवा. उद्यानात."

"खुळी झालीस का गं?" काकू ओरडल्या. "बाई बीडच्या पोरीला कुंकू लावून मोकळी होईल!"

"आई, बाबा लपवून किती दिवस ठेवणार आपण? ते काय माळ्यावरचं गाठोडं आहेत का? बाबांना बघून पळायचं असेल तर लग्नाआधीच पळू देत."

जालन्याला फोन तिनंच लावला, माझ्यासमोर, कोपऱ्यावरच्या बूथवरून. आवाज ठाम. फोन ठेवल्यावर मात्र पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "दादा, येतील ना हो ते?" मी म्हटलं, "न येऊन सांगतात कोणाला?" मला स्वतःला अजिबात खात्री नव्हती.

रविवारी सकाळी चाचांच्या मेटॅडोरमधून आम्ही निघालो. मालक, काकू, शोभा, चाचा, चाचांचा ड्रायव्हर आणि मी. मालकांनी खिडकीबाहेर डोकं काढलं ते थेट उद्यानातच आत घेतलं. वाटेत लागणाऱ्या प्रत्येक झाडाला त्यांनी ओळखीचा माणूस दिसावा तसा हात केला. उद्यानातलं मैदान फारच देखणं निघालं. समोर पाणी, मागं डोंगर, आणि लोकांसाठी झाडूनपुसून असं स्वच्छ केलेलं की औषधाला दगड सापडू नये. कडेला पाटी: झाडांना दोर बांधू नये.

पहिली घंटा झाली. पाणी भरलं. शोभा तंबूच्या जागी बसून स्टोव्ह पेटवायला लागली, कारण पाहुणे आले की चहा तयार हवा. दुसरी घंटा झाली. मी पुढचा बांबू उचलला, चाचांनी मागचा. तंबू शोभाच्या डोक्यावर झालरीसकट असा दिमाखात वर गेला की मालकांचे डोळे भरून आले. मालक, काकू आणि ड्रायव्हर एकेक दोरी हातात घेऊन सवयीनं तीन दिशांना पळाले. आणि थांबले.

सगळे इकडंतिकडं बघत होते. अखेर काकूच म्हणाल्या, "अहो, टाकी कुठंय?"

वारा तेवढा पाण्यावरून आला आणि तंबू एका अंगाला कलला.

"चाचा!" मालक ओरडले. "खुंटे!"

"खुंटे कां से आते मालिक? तुम्हीच तो वापस भेजे थे!"

"तेव्हा गच्ची होती!"

"तो मेरेकू बोलना था ना, के अब जंगल है! तुमच बोले, तालीम का सामान जैसे का वैसा!"

दोरी सोडावी तर तंबू पोरीच्या अंगावर, आणि आत स्टोव्ह भडकलेला. ड्रायव्हरनं आपली दोरी मालकांच्या दुसऱ्या हातात कोंबली आणि मेटॅडोर घेऊन जवळच्या वस्तीवर खुंट्या शोधायला पळाला. मालक दोन्ही हात फाकवून, दोन दोऱ्यांना लोंबकळत उभे राहिले. चौथी दोरी वाऱ्यावर मोकळी फडफडत होती. नेमकी त्याच वेळी जालन्याची जीप मैदानात शिरली.

मुलाच्या आई खाली उतरल्या. त्यांनी लाल-पिवळा शामियाना पाहिला. झालर पाहिली. हातातली पर्स घट्ट धरली.

"अहो, बघताय ना?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आपण अजून हो म्हटलं नाय, अन यांनी मांडव घातलाय!"

"नाही नाही, ताईसाहेब," मालक दोऱ्यांवरून ओरडले. "हा मांडव नाही, तंबू आहे! माफ करा, नमस्कार करता येत नाही, हात गुंतलेत!"

"चला परत," बाई म्हणाल्या आणि वळल्या. मी बांबू धरून उभा होतो. तंबूच्या दारातून मला शोभाचा चेहरा दिसत होता. तिनं ते ऐकलं होतं. ती मान खाली घालून स्टोव्हला पंप मारत राहिली.

तेवढ्यात वाऱ्याचा मोठा झोत आला. मोकळा कोपरा धाडकन खाली बसला, कापड स्टोव्हच्या दिशेनं ओढलं गेलं, आणि काकू किंचाळल्या, "अगं शोभे!"

मुलगा जीपमधून उडी मारून थेट आत घुसला. त्यानं दोन्ही हातांनी कापड वर रेटून धरलं. त्याच्यामागोमाग त्याचे वडील धावले आणि त्यांनी मालकांच्या हातातली एक दोरी घेतली. आणि ती चौथी, फडफडणारी दोरी? ती मुलाच्या आईंनी झेप घेऊन पकडली. पर्स गवतात पडली. त्यांनी पदर खोचला, दोरी मनगटाला एक वेढा देऊन ओढली, आणि तंबू पुन्हा ताठ उभा राहिला.

"पोरं आत हायेत," त्या दरडावून म्हणाल्या. "कोणी सोडू नका!"

अशा रीतीनं मुलगी पाहण्याचा कार्यक्रम सुरू झाला. चार कोपऱ्यांना चार आईबाप दोऱ्या धरून, दोन्ही टोकांना बांबू धरून मी आणि चाचा, आणि आत मुलगा-मुलगी. स्टोव्ह विझला, तरी बाहेर कोणाला यायचं सुचलं नाही, आणि आम्हीही सुचवलं नाही.

मग मुलाच्या आईंनी शेजारच्या कोपऱ्यावरच्या काकूंकडं पाहिलं. "हे असं नेहमीच असतं का हो तुमच्याकडं?"

आता काकू सावरून घेतील असं मला वाटलं. काकूंनी दोरी दुसऱ्या हातात घेतली. "दर गुरुवारी," त्या म्हणाल्या. "लई वर्षं झाली."

"अन तुम्ही काय करता?"

"भजी करते."

बाईंनी आपल्या नवऱ्याकडं एक नजर टाकली. ते गृहस्थ दोरी धरून, मान वर करून आभाळातल्या घारी बघण्यात गुंगले होते. मग बाई म्हणाल्या, "आमच्याकडं कबुतरं हायेत. गच्चीवर. त्यांची नावं ठेवलीत यांनी. जेवायच्या आधी हाका मारतात."

"मग तुम्ही काय करता?"

"मी दाणे निवडते," बाई म्हणाल्या. आणि दोघी एकदम अशा हसल्या की तंबू दोन्ही बाजूंनी हलला.

"दोरी! दोरी!" मालक ओरडले.

"तुम्ही गप बसा," दोघी एकाच वेळी म्हणाल्या.

मी दाराशीच होतो, त्यामुळं आतलं थोडं माझ्या कानावर पडत होतं. मी कान बंद केले नाहीत, दोन्ही हात बांबूला होते. मुलगा म्हणत होता, "तुमच्या वडिलांनी मला अस्वलाचा प्रश्न विचारला तर काय सांगू?" शोभा म्हणाली, "खरं सांगा." "खरं सांगायचं तर मी पण पळेन. पण तुम्हाला घेऊन पळेन." आत फक्त बांगड्या वाजल्या. चाचांनी मागच्या बांबूवरून मला डोळा मारला.

तेवढ्यात मेटॅडोर परतली. ड्रायव्हरनं वस्तीवरून बैल बांधायच्या जाडजूड खुंट्या आणि एक हातोडा आणलेला. मालकांच्या जिवात जीव आला. सगळ्यांचे हात भरून आलेले. ड्रायव्हर पहिली खुंटी घेऊन सगळ्यात जवळच्या कोपऱ्याकडं गेला. तो कोपरा मुलाच्या आईंचा होता. त्यानं खुंटी जमिनीवर टेकवली, हातोडा उचलला.

"थांब रे," बाई म्हणाल्या.

त्यांनी तंबूच्या दाराकडं मान वळवून जरा ऐकलं. आत शोभा काहीतरी सांगत होती आणि मुलगा हसत होता. बाईंनी दोरीचा मनगटावरचा वेढा आणखी एकदा घट्ट केला.

"ठोकू नको एवढ्यात. त्यांचं बोलणं चाललंय," त्या म्हणाल्या. "मी धरते."

मी मालकांकडं पाहिलं. वर आभाळ, समोर तलाव, मागं डोंगर, सगळं जंगल त्यांच्यासाठी मांडून ठेवलेलं. त्यांचं कशाकडंच लक्ष नव्हतं. ते आपली दोरी छातीशी धरून त्या बाईंकडं बघत होते, आणि मी त्यांना ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदाच त्यांना कोणाला त्याची जागा दाखवायची नव्हती.